सगळ्यांचा वाढदिवस १ जून: स्मृतिभ्रंशाची जनुकीय जोखीम आणि एका घरातली वयं

हे प्रकरण त्या कुटुंबाच्या परवानगीने लिहिते आहे. गावं, नोकऱ्या, ओळख पटेल असे बारकावे बदलले आहेत. निर्णयांचा क्रम आणि त्यातल्या चुका (काही माझ्या) तशाच ठेवल्या आहेत. मी पुण्यात एका मेमरी क्लिनिकमध्ये समुपदेशनाचं काम करते.

पार्श्वभूमी

ऑक्टोबर २०२४. रविवारी सकाळी साडेसहाला सांगलीत पहिला चहा उकळत होता, तेव्हा न्यू जर्सीत शनिवारचे रात्रीचे नऊ वाजले होते. त्या घरातल्या धाकट्या मुलाने घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक स्क्रीनशॉट टाकला. थुंकीची नळी पोस्टाने पाठवून करायची जनुक चाचणी त्याने हौसेने केली होती. पूर्वज कुठले ते बघायचं होतं, सोबत आरोग्याचा रिपोर्टही आला. त्यात स्मृतिभ्रंशाच्या जोखमीशी जोडलेल्या एपीओई नावाच्या जनुकाचा ई-४ हा प्रकार दोनदा लिहिलेला होता. खाली त्याने एवढंच टाकलं: ‘दोन्ही कॉपी. आईकडून आलंय.’

ग्रुपमध्ये सतरा माणसं होती. दोन सुना, एक जावई, मामेबहीण, आणि आईचा फोनसुद्धा. तो आता थोरली मुलगीच हाताळते.

आई ७७ वर्षांची. २०२३मध्ये तिला स्मृतिभ्रंशाचं निदान झालं. वीस वर्षांचा मधुमेह, रक्तदाबाच्या गोळ्या, दोन्ही कानांनी कमी ऐकू येतं. वडील २००४मध्ये हृदयविकाराच्या झटक्याने गेले, तेव्हा ते ६१ वर्षांचे. थोरली ५६ची, शाळेतून स्वेच्छानिवृत्ती घेऊन सांगलीत आईजवळ. मधली ५१ची, पुण्यात बँकेत. धाकटा ४५चा, न्यू जर्सीतल्या एडिसनला. थोरलीची मुलगी २६ची, तिच्यासाठी स्थळं बघणं चालू.

आणि एक मामा. आईचा सगळ्यात मोठा भाऊ, साखर कारखान्यात वजनकाट्यावर होता. ‘रिटायर व्हायच्या आधीच डोक्यानं गेला, पंचावन्नाव्या वर्षी,’ हे वाक्य मला त्या घरातल्या चौघांनी वेगवेगळ्या वेळी जवळजवळ त्याच शब्दांत सांगितलं.

प्रश्न नेमका काय होता

आठवड्याभरात तीन फोन आले. मधलीला चाचणी ताबडतोब हवी होती. थोरलीचं म्हणणं, ‘मॅडम, आमचं राहू दे, आधी आईचं बघा.’ तिसरा फोन भाचीचा, म्हणजे थोरलीच्या मुलीचा, थोरलीच्या नकळत. तिचा प्रश्न सगळ्यांत नेमका होता: ‘आजीला सत्तरीनंतर झालं, मामाआजोबांना पंचावन्नाला. म्हणजे माझ्या आईला कधी, आणि मला कधी?’

इथे दोन अगदी वेगळ्या गोष्टींची सरमिसळ झाली होती.

स्मृतिभ्रंशाचं सगळ्यात मोठं कारण असलेल्या अल्झायमरशी संबंधित तीन जनुकं अशी आहेत की त्यांतल्या एकात विशिष्ट बिघाड असला तर आजार जवळजवळ नक्की होतो, तोही लवकर, बहुधा तिशी ते साठीच्या दरम्यान. २१व्या गुणसूत्रावरचं एपीपी, १४व्यावरचं प्रेसेनिलिन-१ आणि पहिल्यावरचं प्रेसेनिलिन-२. आईवडिलांपैकी एकाकडे बिघाड असेल तर प्रत्येक मुलाला तो मिळण्याची शक्यता निम्मी. कोलंबियातल्या अँटिओक्विया भागात अशी मोठी कुटुंबं आहेत. त्यांच्यात विसराळूपणा चव्वेचाळिशीच्या आसपास सुरू होतो आणि पन्नाशीच्या उंबरठ्यावर पूर्ण स्मृतिभ्रंश होतो. जगातल्या एकूण अल्झायमर रुग्णांमध्ये अशांचं प्रमाण एक टक्क्याहून कमी आहे.

एपीओईचं तसं नाही. १९व्या गुणसूत्रावरच्या या जनुकाचे तीन प्रकार आहेत, ई-२, ई-३ आणि ई-४. प्रत्येकाकडे दोन प्रती असतात, एक आईची आणि एक वडिलांची. ई-४चा अल्झायमरशी संबंध १९९३मध्ये अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात सापडला. त्याने जोखीम वाढते, आजार ठरत नाही. दोन ई-४ असलेली माणसं नव्वदीत शब्दकोडी सोडवतात, आणि एकही ई-४ नसलेल्यांना सत्तरीत अल्झायमर होतो.

म्हणजे भाचीच्या प्रश्नाचं उत्तर मामावर अवलंबून होतं. मामाला खरंच पंचावन्नाला अल्झायमर झाला असेल तर पहिल्या प्रकाराचा विचार करणं भाग होतं, आणि मग २६व्या वर्षीही तो प्रश्न खरा होता. मामाचं तसं नसेल, तर २६व्या वर्षी या सगळ्याला काहीच अर्थ नव्हता. एकच घर, पण एका वयाच्या आकड्याने सगळा हिशोब बदलणार होता.

जाता जाता धाकट्याची चूक. ‘आईकडून आलंय’ हे अर्धंच खरं होतं. दोन ई-४ म्हणजे एक आईकडून आणि एक वडिलांकडून. वडील ६१व्या वर्षी गेल्यामुळे त्यांच्या बाजूला हा आजार दिसायला वेळच मिळाला नाही. मोठ्या वयात होणाऱ्या आजारांचं असं होतं. लवकर गेलेला माणूस वंशवृक्षात निरोगी दिसतो आणि दीर्घायुषी माणसावर सगळा आळ येतो.

वयांचा शोध

पहिल्या भेटीला थोरली आणि भाची पुण्याला आल्या. मी वंशवृक्ष काढायला घेतला आणि जन्मतारखा विचारल्या. आई, १ जून. मामा, १ जून. वडील, तेही १ जून. तिघीही हसलो. त्या पिढीत शाळेत नाव घालायला नेलं की गुरुजी अंदाजाने वर्ष टाकायचे आणि तारीख १ जून. महाराष्ट्रातल्या निम्म्या आजीआजोबांचा वाढदिवस एकाच दिवशी का, हे इथे कुणाला सांगावं लागत नाही. पण वयावरच सगळं अडलेलं असताना ही गंमत हसण्यावारी नेता येत नाही.

आईचं वय थोरलीने लगेच पक्कं केलं. कोयनेच्या भूकंपाच्या रात्री, म्हणजे ११ डिसेंबर १९६७ला, थोरली पोटात होती आणि आईला वीस पूर्ण झाली होती. म्हणजे जन्म १९४७चा, आधार कार्डाशी जुळणारा. आजार सुरू कधी झाला याचं उत्तर मात्र निदानाच्या तारखेत नव्हतं. ते स्वयंपाकघरातल्या खिळ्यावर होतं.

आई दुधाचा हिशोब कालनिर्णयवर लिहायची. रोजच्या चौकोनात अर्धा किंवा एक, जास्तीचं घेतलं तर शेजारी टिंब, दूध आलं नाही तर फुली. थोरलीने जुनी कालनिर्णयं टाकली नव्हती, मागच्या पानांवर पाककृती असतात म्हणून. पुढच्या भेटीला ती पाच वर्षांची कालनिर्णयं घेऊन आली आणि आम्ही ती टेबलावर पसरली. २०१९, २०२० अगदी चोख. २०२१च्या जुलैत एकाच चौकोनात दोनदा ‘अर्धा’. श्रावणात सलग चार दिवस रिकामे आणि पाचव्या दिवशी ओळीने चार फुल्या, दूध आलेलं असताना. दिवाळीनंतर महिन्याची बेरीजच नाही. म्हणजे सुरुवात ७४च्या सुमारास. डॉक्टरांच्या फाइलमध्ये ‘दोन महिन्यांपासून विसराळूपणा’ असं २०२३मध्ये लिहिलेलं होतं.

मामाचं काम अवघड होतं. मामेबहिणीने आधी ‘आता कशाला ते उकरायचं’ म्हणून टाळलं. ग्रुपवरच्या त्या स्क्रीनशॉटने ती दुखावली होती, हे नंतर कळलं. दिवाळीत भाची स्वतः गेली, फराळाचा डबा घेऊन, आणि माळ्यावरची पत्र्याची ट्रंक उघडून घेतली. त्यात दोन कागद मिळाले.

एक, कारखान्याचं सेवापुस्तक, जन्मतारीख १ जून १९४०. दुसरा, मराठी सातवीची फायनल पास झाल्याचा दाखला, वर्ष १९४६. भाचीने जागेवरूनच फोन केला: ‘मॅडम, सहाव्या वर्षी सातवी पास झाला का हा माणूस?’

कारखान्यात लागताना तोंडी सांगितलेल्या तारखेवर काम भागलं होतं आणि नोकरीची काही वर्षं वाढली होती. सातवीला तेराचौदा धरले तर जन्म १९३२-३३चा. लक्षणं १९९५ला दिसली, म्हणजे पंचावन्न नाही, बासष्ट-त्रेसष्ट. ‘रिटायर व्हायच्या आधीच’ हे खरं होतं, पण कागदावरच्या निवृत्तीच्या आधी.

ट्रंकेतच मिरजेच्या एका रुग्णालयाचं १९९६चं डिस्चार्ज कार्ड होतं, चार घड्या घातलेलं. सोबत मेंदूच्या सीटी स्कॅनचा रिपोर्ट. त्यात पक्षाघाताच्या लहान लहान झटक्यांचे अनेक जुने डाग लिहिलेले होते, शिवाय रक्तदाब आणि तंबाखू. मामीच्या आठवणीही त्याला धरून होत्या. आजार घसरगुंडीसारखा उतरत गेला नव्हता, पायऱ्या उतरल्यासारखा होता. बरे दिवस, मग एका रात्रीत बिघाड, मग पुन्हा काही महिने तसंच.

समोरचे पर्याय

हे कागद घेऊन आमच्या न्यूरॉलॉजिस्टबरोबर बसलो. तीन रस्ते होते.

पहिला, दुर्मीळ जनुकांची तपासणी. असं काही शोधायचं तर आधी आजारी माणसाची चाचणी करायची हा नियम आहे. आजारी माणसात बिघाड सापडला नाही, तर निरोगी मुलांचा ‘निगेटिव्ह’ रिपोर्ट काही सांगत नाही. आई आजारी होती, पण तिची संमती कशी घ्यायची? ‘रक्त तपासायचं आहे’ म्हटलं तर ती हात पुढे करायची, नर्सला ‘जेवलीस का गं’ विचारायची. त्याला संमती म्हणत नाहीत. न्यूरॉलॉजिस्टनी एक गोष्ट मुद्दाम तपासली. लहान वयात झटके आणि पुढे स्मृतिभ्रंश देणारा कॅडासिल नावाचा आनुवंशिक आजार आहे, नॉच-३ जनुकातल्या बिघाडाचा. त्यात तरुणपणापासून अर्धशिशी बऱ्याचदा असते आणि एमआरआयमध्ये मेंदूच्या कानशिलाजवळच्या भागात पुढच्या बाजूला ठरावीक बदल दिसतात. आईच्या एमआरआयमध्ये ते नव्हते, घरात अर्धशिशी कुणाला नव्हती, आणि मामाच्या झटक्यांना रक्तदाब आणि तंबाखू पुरेसे होते. आईची सुरुवात ७४ला. दुर्मीळ जनुकांचा रस्ता इथेच सोडला. पंचावन्न हा आकडा खरा मानला असता तर हीच तपासणी आम्ही मागवली असती.

दुसरा रस्ता, आईचं एपीओई तपासणं. त्याने तिच्या उपचारात काही फरक पडणार नव्हता. धाकट्याने अमेरिकेतल्या नव्या औषधांबद्दल विचारलं होतं. ती अगदी सुरुवातीच्या अल्झायमरसाठी आहेत. आईचा आजार त्यापुढे गेलेला आणि मिश्र, अल्झायमर अधिक रक्तवाहिन्यांचा. चाचणी केली नाही.

तिसरा, भावंडांनी आपापलं ठरवणं. हाच सगळ्यात लांबला, कारण तिघांची वयं वेगळी आणि त्यामुळे एकाच अक्षराचा अर्थ वेगळा.

ई-४चा परिणाम आयुष्यभर सारखा नसतो. पन्नाशीपर्यंत स्मृतिभ्रंश मुळातच इतका विरळा की शून्याच्या जवळचा आकडा दहापट केला तरी लहानच राहतो. साधारण ६५ ते ७५ या दशकात ई-४ असलेल्या आणि नसलेल्यांतलं अंतर सगळ्यात जास्त दिसतं. एकच ई-४ असलेल्या स्त्रियांना याच दशकात पुरुषांपेक्षा जास्त जोखीम असल्याचं २०१७च्या एका मोठ्या विश्लेषणात दिसलं. पुढे ऐंशी-नव्वदीत अंतर कमी होतं. तिथे वय हेच इतकं मोठं कारण होतं की जनुकाचं वजन त्यामानाने हलकं पडतं.

८५ वर्षांपर्यंतचा हिशोब २०११च्या एका युरोपीय-अमेरिकी विश्लेषणात असा मांडला आहे. जनुक न बघता अल्झायमरची जोखीम पुरुषांत ११ टक्के, स्त्रियांत १४. एक ई-४ आणि एक ई-३ असेल तर २३ आणि ३०. दोन ई-४ असतील तर ५१ आणि ६०. हे आकडे मुख्यतः युरोपीय वंशाच्या लोकांवरून काढलेले आहेत. हरियाणातल्या बल्लभगढला झालेल्या भारत-अमेरिका अभ्यासात ई-४चं प्रमाण पेनसिल्व्हेनियातल्या तुलनेच्या गटापेक्षा कमी निघालं होतं, सुमारे ७ विरुद्ध ११ टक्के. पण ज्यांच्यात ई-४ होता त्यांच्यात अल्झायमरशी असलेला संबंध साधारण तितकाच दिसला. म्हणून मी हे आकडे दाखवते, पण पेन्सिलीने लिहून.

काय केलं

सुरुवात थोरलीच्या म्हणण्यापासून केली, आईपासून. जनुकाच्या गडबडीत कुणी तिची गोळ्यांची पिशवी उघडून बघितली नव्हती. लघवी वारंवार होते म्हणून दिलेली ऑक्सिब्युटिनिन आणि खाजेवरची झोप आणणारी जुनी गोळी, दोन्ही कित्येक महिने चालू होत्या. या दोन्ही गोळ्या म्हाताऱ्या माणसाची स्मरणशक्ती आणखी गढूळ करतात. डॉक्टरांनी त्या थांबवल्या. बी-१२ फार कमी निघालं, इंजेक्शनं सुरू झाली. कानाला यंत्र बसवलं. चार महिन्यांनी स्मृतिचाचणीत ३० पैकी १३चे १६ झाले. आजार गेला नाही, जाणारही नाही. पण ती पुन्हा सीरियलमधल्या सासूला शिव्या घालायला लागली, कारण आता तिला ती काय बोलते ते ऐकू येत होतं.

धाकट्याला आधी सांगितलं की घरबसल्या केलेल्या चाचणीवर निर्णय घेऊ नकोस, मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत डॉक्टरांमार्फत पुन्हा कर. निकाल तोच आला. २०२४च्या मे महिन्यात एक शोधनिबंध गाजला होता. दोन ई-४ म्हणजे अल्झायमरचाच एक जनुकीय प्रकार मानावा, अशा लोकांत लक्षणं सरासरी ६५व्या वर्षी सुरू होतात, असा त्याचा सूर होता. धाकट्याने तो वाचून वीस वर्षं उरलीत असं कॅलेंडर मनात टांगलं होतं. त्यातली बरीच माणसं संशोधन केंद्रांत आणि मेमरी क्लिनिकमध्ये आलेली होती, रस्त्यावरून उचललेली नव्हती, हे त्याला समजायला वेळ लागला.

शेवटी मी झूमवर कोऱ्या कागदावर शंभर ठिपके काढले, दहा ओळींत दहा. ‘हे तुझ्यासारखे शंभर पुरुष, सगळे ८५पर्यंत जगले असं धरू.’ एकावन्न ठिपके गिरवले. त्याने पडद्यावर बोट ठेवून उरलेले मोजले. मग दुसरा कागद: तेच शंभर, पण ६०व्या वर्षी. त्यावर गिरवायला जवळजवळ काही नव्हतं. तो बराच वेळ दुसऱ्या कागदाकडेच बघत होता. मग मी तिसरी गोष्ट विचारली, जी त्याने रिपोर्टमध्ये शोधलीच नव्हती. बाबा कितव्या वर्षी गेले? एकसष्ट. तुझा एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, किती? १६२. त्याच्यासाठी पुढच्या पंधरा वर्षांतला मोठा धोका मेंदूचा नव्हता, हृदयाचा होता. सोयीची गोष्ट ही की एलडीएल हा दोन्हींचा शत्रू आहे. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाच्या २०२४च्या अहवालात टाळता येण्याजोग्या १४ कारणांत त्याची भर पडली, त्या १४ कारणांवर मिळून जगातला सुमारे ४५ टक्के स्मृतिभ्रंश टाळता किंवा लांबवता येण्यासारखा मानला आहे. त्याच्या डॉक्टरांनी ते कमी करणारं स्टॅटिन सुरू केलं.

एक गोष्ट त्याला फाइलमध्ये जपून ठेवायला सांगितली. कधीकाळी लेकानेमॅबसारखं अल्झायमरवरचं नवं औषध घ्यायची वेळ आली तर हा रिपोर्ट आधी दाखवायचा. त्या औषधाच्या मुख्य चाचणीत मेंदूला सूज येण्याचं प्रमाण ई-४ नसलेल्यांत ५.४ टक्के होतं, दोन ई-४ असलेल्यांत ३२.६.

भाचीला मी चाचणी करू नकोस असं म्हटलं नाही, ती सज्ञान आहे. विचारलं एवढंच की उत्तर आलं तर उद्या सकाळी काय वेगळं करशील. ती म्हणाली, ‘काही नाही, फक्त घाबरेन.’ तिने चाचणी केली नाही. मुलाकडच्यांना काय सांगायचं, हा तिच्या आईचा घोर होता. ठरलं ते असं: आजीला विसरण्याचा आजार आहे हे लपवायचं नाही, आणि न केलेल्या चाचणीबद्दल बोलायचं नाही.

थोरलीने नको म्हटलं. ‘मी आईचं करते ना रोज, मला माहीत आहे ते काय असतं. माझं मला कळायला नको.’ मी तिला जेम्स वॉटसनची गोष्ट सांगितली. डीएनएची रचना मांडणाऱ्या दोघांपैकी एक. २००७मध्ये त्याचा संपूर्ण जनुकसंच जाहीर झाला, पण एपीओई तेवढं वगळा, मला जाणायचं नाही, असं त्याने सांगितलं होतं. तिला बरं वाटलं. गोष्टीचा उत्तरार्ध मी तेव्हा सांगितला नाही, तो पुढे येतो.

मधलीने चाचणी केली. आधी दोन बैठका, रिपोर्ट समोर बसून. ई-३, ई-३. एकही ई-४ नाही. ती रडली, मग म्हणाली, ‘धाकट्याला कसं सांगू?’

काय झालं

मधलीच्या रिपोर्टने एक दार उघडलं, ज्याकडे मी आधी नीट बघितलं नव्हतं. धाकट्याकडे दोन ई-४, म्हणजे दोन्ही पालकांनी त्याला एकेक दिला. मधलीकडे दोन ई-३, म्हणजे दोन्ही पालकांनी तिला एकेक ई-३ दिला. (भावंडं सख्खी आहेत हे यात गृहीत आहे, आणि असे प्रश्न एकेकट्यालाच विचारायचे असतात.) तर आई आणि वडील दोघेही ई-३, ई-४. ज्या आईची चाचणी संमतीअभावी केली नाही, तिचा निकाल दोन मुलांच्या कागदांतून आपोआप लिहिला गेला. आणि जिला काही कळायला नको होतं त्या थोरलीची शक्यताही नेमकी झाली: चारात एक वेळा एकही ई-४ नाही, दोन वेळा एक, एक वेळा दोन.

वॉटसनच्या गोष्टीचा उत्तरार्ध हाच. पुढे संशोधकांनी दाखवून दिलं की वगळलेल्या तुकड्याच्या शेजारचा मजकूर वाचून तो तुकडा ओळखता येऊ शकतो, आणि मग शेजारचा मोठा भागही काढावा लागला.

थोरलीला हे मी सांगितलं नाही. मधलीने सांगितलं, ‘ताई, तुला पंचवीस टक्के काहीच नाही’ असं चांगल्या मनाने. थोरली दोन महिने तिच्याशी कामापुरतंच बोलत होती.

दुसरा धक्का मधलीचाच. तीन महिन्यांनी ती आईला घेऊन आली तेव्हा नर्सने सहज मधलीचाही रक्तदाब बघितला. १६०/९८. तिने आपल्या रक्तदाबाच्या गोळ्या बंद केल्या होत्या. ‘माझा रिपोर्ट नॉर्मल आला ना, मॅडम.’ सकाळचं चालणंही सुटलं होतं. भारतात साठीपुढच्यांत स्मृतिभ्रंशाचं प्रमाण ७.४ टक्के असल्याचं लासी-डॅड या देशव्यापी पाहणीत आढळलं आहे, स्त्रियांत ९. एकही ई-४ नसलेल्या बाईलाही हे लागू आहे, आणि रक्तदाब तर कुणाचं जनुक बघत नाही.

धाकट्याने अमेरिकेत दीर्घकाळच्या देखभालीचा विमा घ्यायला अर्ज केला. अर्जात जनुक चाचणीबद्दल प्रश्न होता, त्याने खरं लिहिलं, नकार आला. तिथला २००८चा जनुकीय भेदभावविरोधी कायदा आरोग्य विमा आणि नोकरी यांना लागू आहे, आयुर्विम्याला आणि दीर्घकाळच्या देखभालीच्या विम्याला नाही. आधी विमा, मग चाचणी, हा साधा क्रम त्याला कुणी सांगितला नव्हता.

भाचीचं लग्न मार्चमध्ये झालं. मुलाकडच्यांनी आजीच्या आजारावर एकच प्रश्न विचारला, ‘औषधं मिळतात ना इकडे?’ पत्रिका मात्र दोनदा बघितली.

पुन्हा करायचं झालं तर

धाकट्याने रिपोर्ट आधी एकट्याने डॉक्टरांना दाखवायला हवा होता, हे म्हणणं सोपं आहे. अमेरिकेत २००९मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, अल्झायमर रुग्णांच्या मुलांना एपीओईचा निकाल सांगितल्याने चिंता फारशी वाढली नाही असं दिसलं. पण त्या मुलांना निकालाआधी आणि नंतर समुपदेशन मिळालं होतं. धाकट्याला तो निकाल शनिवारी रात्री फोनवर मिळाला, शेजारी कुणी नसताना. त्याने ग्रुपवर टाकला यात बढाई नव्हती, भीती होती.

माझ्या बाजूने तीन गोष्टी. मधलीच्या चाचणीआधी मी भावंडांचे रिपोर्ट एकमेकांना कसे उघडे करतात हे कागदावर काढून दाखवायला हवं होतं, आणि ‘थोरलीला काय कळेल, काय नाही’ हे मधलीकडून कबूल करून घ्यायला हवं होतं. त्या बैठकीत मी ई-४ निघाला तर काय यावर चाळीस मिनिटं घालवली, नाही निघाला तर काय यावर जेमतेम पाच. गोळ्या तिथेच सुटल्या. आणि विम्याचा प्रश्न पहिल्याच फोनवर यायला हवा होता. भारतात २०१८पासून विमा नियामकाने आरोग्य विम्यातून जनुकीय आजार वगळायला मनाई केली आहे, त्या सवयीने मी अमेरिकेतल्या माणसाशी बोलताना तो मुद्दाच काढला नाही.

मामेबहिणीचं अजून पुरतं मिटलेलं नाही. तिच्या वडिलांना गावात तीस वर्षं ‘वेडा’ म्हणत होते. ते झटक्यांनी झालं होतं, हा कागद ट्रंकेत होता आणि कुणी वाचला नव्हता. भाचीने त्याची रंगीत प्रत काढून तिला दिली आहे.

आमच्या वंशवृक्षाच्या फॉर्मवर वयाच्या रकान्याशेजारी मी आता एक बारीक रकाना आखते: ‘कशावरून?’ परवा माणदेशातल्या एका मुलाने आपल्या आजीपुढे तिथे लिहिलं, ‘७२च्या दुष्काळात खडी फोडायला जात होती, तेव्हा बाबा पाठीला.’